वेठ कोणाची?

संप झाला की मथळा ठरलेला असतो : ‘कामगारांनी जनतेला वेठीस धरले.’ हा ‘वेठ’ शब्द मुळात कोणाच्या वाट्याचा, ते पाहू.

संस्कृत ‘विष्टि’ म्हणजे सक्तीचे श्रम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तिचा उल्लेख आहे. तिचीच पुढे वेठ झाली. गावगाड्यात वेठ म्हणजे अंमलदाराचे ओझे वाहणे, जमीनदाराचे शेत फुकट कसणे. असे काम मनापासून कोण करणार? म्हणून ‘वेठ मारणे’ म्हणजे कसेबसे उरकणे, हा अर्थ रूढ झाला. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारली उठले ते या वेठीविरुद्ध. घटनेच्या २३व्या कलमाने ती निषिद्ध ठरली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. १९८२ साली, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मजुरी हीदेखील सक्तीची मजुरीच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला.

संपात सामान्यांचे हाल होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वेठ म्हणजे काम नाकारण्याची मुभा नसणे. ती मुभा वापरणाऱ्यालाच वेठीचा धनी ठरवणे हा शब्दावरही अन्याय आहे. निदान आपल्या पत्रकांतून तरी तो होऊ नये.