डोंगराआडचे शेजारी



गेल्या हिवाळ्यात हजिऱ्याच्या चौकातून मी ई-रिक्षाने किला गेटकडे घरी येत होतो. भाड्याचा हिशेब करताना माझे हिंदी ऐकून तरुण चालकाने विचारले, "बाहर के हैं?" मी म्हटले, "हो, आहे." त्याने पुन्हा विचारले, "कब आए?" मी म्हटले, "1810 साली." तो हसला नाही. बराच विचार करून म्हणाला, "फिर तो बहुत दिन हो गए."

त्या उत्तरात मी थट्टा केली, पण खोटे काही सांगितले नव्हते. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी टाकली. छावणी उठायची असते. ही उठली नाही. तंबूंच्या जागी वाडे झाले, वाड्यांभोवती बाजार भरले, आणि गावाला नाव पडले तेही लष्कर. आज शहराच्या मध्यवर्ती चौकाला लोक 'बाडा' म्हणतात, तो आपला वाडा. 'चिटनीस की गोठ', 'निंबालकर की गोठ' या मोहल्ल्यांतली गोठ गुरांची नव्हे. तो सरदाराचा गोट. पोस्टमन ही नावे रोज वाचतो, पण ती मराठी आहेत हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

माझे घराणे अशाच एका गोटातले. वाड्याच्या वाटण्या झाल्या, तेव्हा मी स्वस्त मिळाले म्हणून किला गेटजवळ, म्हणजे किल्ल्याच्या ईशान्य पायथ्याच्या जुन्या वस्तीत घर घेतले. तेव्हा आमच्या आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "लष्कर सोडून ग्वाल्हेरात राहायला जाणार?" असे त्या म्हणाल्या. ऐकणाऱ्या परगावच्या माणसाला याचा अर्थ लागणार नाही. लष्करच्या मराठी माणसाच्या लेखी ग्वाल्हेर हे दुसरे गाव आहे. मधे तीन किलोमीटर लांबीचा किल्ल्याचा डोंगर पसरलेला. किला गेटवरून लष्कर दिसत नाही आणि लष्करातून किला गेट दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांना किल्ला मात्र दिसतो, आणि तो आपलाच आहे असे दोघांनाही वाटते.

परमुलखात राहणाऱ्या माणसाला त्या मुलखाविषयी मते असतात. आत्याबाईंची मते पक्की होती. इकडचे लोक गोड बोलतात, पण पोटातले सांगत नाहीत. इकडच्या बायका घुंगट घेतात आणि घुंगटातून सगळे पाहतात. इकडे लग्नात बंदुकीचे बार काढल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. इकडे सकाळी सकाळी बेडई तळतात. पोटाला कशी सोसते देव जाणे. (ती त्यांनाही फार आवडे, हे मी येथे सांगून टाकतो.) इकडे वेळेला किंमत नाही. इकडचा उन्हाळा माणसांसाठी केलेलाच नाही. यातले शेवटचे मत निर्विवाद आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि लू सुटते, तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नाही. परंतु 'इकडे' हा शब्द ज्यांनी आयुष्यभर वापरला, त्या आत्याबाईंचा जन्म इकडचा, लग्न इकडचे, आणि 'तिकडे' म्हणजे महाराष्ट्रात त्यांचे जाणे सारे मिळून तीन वेळा झाले होते. तिकडे गेल्यावर पुण्याच्या नातलगांनी त्यांचे "तो येऊन राहिला आहे" हे मराठी ऐकून तोंड फिरवून हसावे, आणि त्यांनी परत आल्यावर आम्हांला सांगावे की पुण्याची माणसे जरा कोरडीच.

पुण्याचे पाहुणे आमच्याकडे येतात, त्यांचीही मते होतात, आणि ती फार लवकर होतात. मागे एक गृहस्थ उतरले होते. दुसऱ्याच दिवशी नळाला पाणी कमी आले म्हणून त्यांनी सबंध प्रांताच्या कारभारावर निर्णय दिला. आम्ही तिघऱ्याच्या धरणाचे पाणी पितो. त्या धरणाला जे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ते विश्वेश्वरय्यांच्या योजनेचे. त्यांनी ते आधी बसवले होते खडकवासल्याला. म्हणजे पाहुण्यांच्या आणि आमच्या पाण्याचे दरवाजे एकाच डोक्यातून निघालेले. हे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, "असेल, पण आमच्याकडे असे होत नाही."

या मतांचा मी मनाशी हिशेब मांडू लागलो, तो माझ्या भाच्यामुळे. भाचा नोकरीनिमित्त बँकॉकला असतो. तो दर रविवारी फोन करतो आणि थायलंडविषयी मते सांगतो. "मामा, इथले लोक सदा हसतात, पण मनात काय आहे ते कळू देत नाहीत. इथे वेळेला किंमत नाही. सकाळी सकाळी रस्त्यावर काय काय तळतात, तुम्हांला सांगून पटायचे नाही." मी ऐकत होतो आणि मला वाटत होते की आत्याबाईच बोलत आहेत. शब्द तेच होते, फक्त किला गेटच्या जागी बँकॉक आले होते. मग मला शंका आली, की ही मते ज्या लोकांविषयी असतात त्यांच्यापेक्षा ती ज्याच्या तोंडून निघतात त्याच्या एकटेपणाची असावीत.

तरी भाच्याची आणि आमची स्थिती एक नाही. दीर्घ मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्या परदेशी माणसाला तेथे दर 90 दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो. त्याला मत नाही, आणि स्वतःच्या नावावर जमीन घेणे सहसा जमत नाही. 2006 साली आणि पुन्हा 2014 साली तेथे लष्कराने सत्ता हाती घेतली. राजाची अवहेलना झाली तर तुरुंगवासाची शिक्षा आहे. म्हणून तेथले राजकारण निघाले की भाचा आवाज उतरवतो आणि हवापाण्याकडे वळतो. गोऱ्या माणसाला तेथे 'फरांग' म्हणतात. आपल्यासारख्याला 'खॅक' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. भाच्याला हा शब्द खटकतो. तो हिणवून म्हणतात की सहज म्हणतात, हे त्याला अजून ठरवता आलेले नाही. मी त्याला सांगितले, की आपल्याला इकडे 'दक्षिणी' म्हणत. तेही आमचे ठरायचे आहे.

पण आम्ही नुसते पाहुणे नव्हतो. आम्ही पाहुणे म्हणून आलो आणि घरमालक होऊन बसलो. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे वंशज गादीवर. चिटणीस, फडणीस, पागे, पुजारी, सगळे मागोमाग आलेले. दरबारच्या जुन्या दफ्तरांत मोडी. येथल्या माणसाविषयी आमचे मत बनले ते कचेरीच्या गादीवर बसून, आणि तो समोर अर्ज घेऊन उभा असताना. अर्ज घेऊन उभा असलेला माणूस गोडच बोलणार आणि पोटातले नाहीच सांगणार. आत्याबाईंच्या वडिलांना ही गोष्ट सुचली नाही. सुचली असती, तर ती त्यांच्या नोकरीला सोयीची नव्हती.

28 मे 1948 रोजी मध्यभारत झाला, जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तेही राज्य गेले आणि राजधानी भोपाळला गेली. आमच्या लोकांनी त्यावर फार उसासे टाकले. त्या उसाशांतला अर्धा भाग संस्थानासाठी होता आणि अर्धा बदली होऊन भोपाळला जावे लागेल यासाठी होता. मग निवडणुका आल्या. आत्याबाईंनी राजकारणाचा एकच नियम ठेवला होता: मत राजवाड्याला. पुढे 1980 नंतर राजमाता विजयाराजे एका पक्षात आणि माधवराव दुसऱ्या पक्षात, असे झाले. तेव्हा आत्याबाईंचा नियम अडचणीत आला. 1984 साली याच शहरात जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी माधवरावांविरुद्ध उभे राहिले. आत्याबाई कोणाला मत देऊन आल्या ते त्यांनी सांगितले नाही. दोन दिवस त्या फारशा बोलल्याच नाहीत. पण एक गोष्ट आम्ही लोक विसरतो. नारायणराव शेजवलकर या मराठी माणसाला या शहराने महापौर केले, लोकसभेवर पाठविले. 2019 साली त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकरही येथून खासदार झाले. मराठी मतांवर येथे कोणी निवडून येत नाही, तेवढी ती नाहीतच. त्यांना निवडले ते 'इकडच्या' लोकांनी. 'पोटातले सांगत नाहीत' हे आमचे मत तेथे तरी टिकत नाही.

आता किला गेटच्या लोकांची आमच्याविषयी मते काय आहेत? तीस वर्षांत कोणी माझ्या तोंडावर सांगितली नाहीत, मी त्यांच्या गप्पांतून वेचली. त्यांच्या दाराशी गूजरी महाल आहे, राजा मानसिंग तोमराचा. वर किल्ल्यावर गोहदच्या भीमसिंग राण्याची छत्री आहे. तोमर आले, लोदी आले, मोगल आले, जाट राणे आले, मराठे आले. 1858 नंतर इंग्रज बसले, 1886 साली त्यांनी झाशी घेऊन किल्ला शिंद्यांना परत दिला. या यादीत आम्ही मधे कोठेतरी आहोत. आमचा दोन शतकांचा अभिमान त्यांच्या लेखी एका ओळीचा आहे. शिवाय असे: मराठी माणूस हिशेबाला पक्का, घरी बोलावील पण चहा अर्धा कप देईल, लिहिण्यावाचण्यात हुशार, आणि मनाने सदा दुसरीकडे. चहाचे मला लागले, कारण ते खरे होते. आता मी पूर्ण कप देतो.

एका बाबतीत मात्र आमचे लोक येथे मत द्यायला आले नाहीत, शिकायला आले. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्यापुढे वासुदेवबुवा जोशी बसले. वासुदेवबुवांपाशी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ही गायकी दक्षिणेत घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. येथेच राहिलेल्या शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव, राजाभैया पूछवाले हे तर सगळ्यांना ठाऊक आहेत. 1918 साली भातखंड्यांच्या प्रयत्नाने माधव संगीत विद्यालय निघाले. गंमत अशी, की महाराष्ट्रात आज जिला लोक आपल्या घरची म्हणतात ती गायकी डोंगराच्या या पायथ्याची आहे, आणि तिच्याविषयी 'इकडची' असे तोंड वाकडे करून कोणी बोलत नाही. तानसेनची कबर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. डिसेंबरात तेथे समारोह होतो. लष्करचे मराठी रसिक शालीत गुरफटून डोंगराला वळसा घालून येतात, तेव्हा त्यांना ग्वाल्हेर दूर वाटत नाही.

भाषेचे असे सरळ झाले नाही. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे मुंगावलीला जन्मले, ग्वाल्हेरला वारले, आणि सारे मराठीत लिहून गेले. त्यानंतरच्या पिढीत याच संस्थानातल्या श्योपुरात 1917 साली गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. ते हिंदीचे थोर कवी झाले, आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी. एका आईची दोन मुले दोन भाषांत गेली. घरात भांडण झाले नाही. माझी नात मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. आत्याबाई असत्या तर रडल्या असत्या. मला वाईट वाटते, पण तिला रागावण्याचे धैर्य होत नाही. मी तिच्याशी मराठीतच बोलत राहतो, एवढेच करतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली नाली तुंबून पाणी घरांत शिरले. शेजारी माझ्याकडे आले. म्हणाले, "भाईसाहब, अर्जी आप लिखिए. आप लोग लिखा-पढ़ी जानते हैं, और बाड़े पर आपकी पहचान भी होगी." ओळख माझी कोणाशीही नाही, वाड्यावर मी भाजी आणायला जातो. पण अर्ज लिहायला बसलो. पहिलेच वाक्य लिहिले, की यहाँ के लोगों को बहुत कष्ट है. शेजारचे शिंपीकाम करणारे वृद्ध गृहस्थ चष्मा लावून वाचत होते. त्यांनी बोट ठेवले आणि सावकाश म्हणाले, "'यहाँ के लोगों' क्यों? पानी तो आपके घर में भी आया था. 'हम लोगों' लिखिए."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. इतक्या वर्षांत इतके साधे वाक्य मला कोणी दुरुस्त करून दिले नव्हते.

दिवाळीनंतर नालीवर फरशा बसल्या. त्या माझ्या दाराच्या तीन घरे अलीकडे संपल्या आहेत. दुसरा अर्ज करायचा आहे; या वेळी तो शेजारी लिहिणार आहेत आणि मी सही करणार आहे.