वंशावळ जुळवितांना



मी जन्मभर प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. शिक्षण विचाराल तर जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे आमच्याकडे ज्याला मॅट्रिक म्हणत तेथपर्यंत. तेव्हां इतिहाससंशोधक या नात्यानें मी आपल्यापुढें बोलत नाहीं. हजेरीपटावरचीं नांवें मोठ्यानें वाचण्याची सवय मला छत्तीस वर्षें जडलेली होती. नोकरी संपल्यावर सकाळचे अकरा वाजले कीं जीभ उगीच वळवळूं लागे. अशा वेळीं आमच्या तालुक्यांत वंशावळी जमविणारें जें एक लहानसें मंडळ आहे, त्याचे चिटणीस घरीं आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचें अक्षर चांगलें आहे, आणि तुम्हांला मोडी वाचतां येते." अक्षराची स्तुति ऐकून नाहीं म्हणणारा मास्तर मीं तरी अजून पाहिलेला नाहीं. मोडी मला वडिलांनीं शिकविली होती. ती विद्या आपल्या हयातींत कोणाच्या उपयोगीं पडेल असें वाटलें नव्हतें.

आमचें मंडळ कोणा एका आडनांवाचें नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एकेका कुळाचा वृत्तांत पुस्तकरूपानें छापण्याची चाल आपल्याकडे पडली. कोंकणांतून देशावर आणि तेथून पुढें बडोदें, इंदूर, ग्वाल्हेर, सागर अशा ठिकाणीं पांगलेल्या शाखांचा शोध त्या पुस्तकांतून घेतलेला असतो. परंतु ज्यांच्या घरीं वतनाचे कागद होते आणि छपाईस पैसे होते, त्यांचेच वृत्तांत निघाले. आमच्याकडे गुरव येतात, कुंभार येतात, कुळवाडी येतात, भिक्षुक येतात. ज्या घराला आपली माणसें कोठून आलीं हें लिहून ठेवावेंसें वाटतें, त्याला छापील पत्रक द्यावयाचें, पत्रक भरून आलें नाहीं म्हणजे आपणच उठून त्याच्या घरीं जावयाचें, असा आमचा शिरस्ता आहे. पत्रक भरून कधींच येत नाहीं. म्हणून आम्ही बहुधा रविवारीं एस. टी.च्या गाडींत असतों.

घरीं गेल्यावर वंशावळ मागूं नये, हें मी अनुभवानें शिकलों. वंशावळ मागितली कीं माणूस एकदम शिवाजीमहाराजांच्या काळांत जातो, आणि मधले आठ पुरुष गाळून खालीं स्वतःच्या आजोबांपाशीं उतरतो. त्यापेक्षां पितृपंधरवड्याची यादी मागावी. श्राद्धाला बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी यांचीं नांवें गोत्रासह उच्चारावीं लागतात, म्हणून पुष्कळ घरीं देवघराच्या फळीवर ती यादी सांपडते. आईकडचे तीन पुरुषही तींत असतात. मग जन्मपत्रिका पाहाव्या. पुढें शाळेचें जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूच्या नोंदीचा गांवनमुना नंबर १४, जमिनीचे फेरफार. वतनदार घर असेल तर भांडणांनीं आपलें काम फार सोपें करून ठेविलेलें असतें. वतनाचा तंटा लागला म्हणजे वादीप्रतिवादी आपापला करीना लिहून देत. त्यांत मूळ पुरुषापासून कोणाला किती मुलगे आणि कोणी कोणाचा हिस्सा बुडविला तें सविस्तर येतें. शांतपणें नांदलेल्या घराण्याचा इतिहास मिळत नाहीं, भांडलेल्यांचा मिळतो! घांटावर कोल्हापूर-सांगलीच्या बाजूस हेळवी लोक आहेत. ते कांहीं वर्षांच्या अंतरानें दारीं येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवितात आणि नवीं नांवें आपल्या वहींत घालून घेतात. आम्हां कोंकणांतल्यांना तें सुख नाहीं. आमचा आधार नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेस गेलेल्या पूर्वजानें स्वहस्तें लिहिलेली ओळ तेथें पाहावयास मिळाली, म्हणजे घरचीं माणसें एकाएकीं गप्प होतात. अमेरिकेंतल्या युटा प्रांतीं १८९४ सालीं स्थापन झालेल्या वंशावळ-संस्थेनें हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेऊन ठेविलीं आहेत, इतकी त्यांची योग्यता परक्यांनींही ओळखली.

नांवांचा घोळ हा निराळाच. आपल्याकडे नातवाला आजाचें नांव ठेवितात. त्यामुळें दोन नांवें आलटून पालटून खालपर्यंत उतरतात. त्यांत बापाचें नांव बाळाजी असेल तर मुलाच्या नांवापुढें तें बल्लाळ होतें. थोरले बाजीराव हे बाजीराव बल्लाळ, आणि त्यांचे चिरंजीव पुन्हां बाळाजी बाजीराव. पेशव्यांच्या बाबतींत तें आपल्याला ठाऊक असतें. एखाद्या वाडीवरच्या बल्लाळाचा बाप कोणता बाळाजी, हें शोधतांना रात्र जाते.

परंतु नांवांनीं मला फसविलें नाहीं. मला फसविलें सालानें, आणि तीच हकीकत सांगण्यासाठीं मी आज मुख्यतः आलों आहें.

जुन्या कागदावर साल अनेक तऱ्हांनीं येतें. शक असेल तर ७८ मिळवावे, इंग्रजी वर्षारंभानंतरचे महिने असतील तर ७९. पेशवाईंतल्या कारभारी कागदांवर अरबी शुहूर सन असतो. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावयाचे. पानिपतचें साल 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. त्यांत ६०० मिळविले कीं १७६१ येतें. तिसरा फसली सन. तोही शुहूराप्रमाणेंच मृगाला बदलतो, पण त्यांत मिळवावयाचे ५९० किंवा ५९१. दोहोंत नऊ वर्षांचें अंतर, आणि कागदावर नुसता 'सन' एवढाच शब्द असला म्हणजे नवशिक्याचा पाय हमखास घसरतो.

एका घराण्याच्या रुमालांत मला एका विधवा बाईनें वतनाच्या हिश्श्याबद्दल लिहविलेलें पत्र मिळालें. यजमान दोन महिन्यांपूर्वीं वारले, लावणीचे दिवस, शेतावर उभें राहावयास मनुष्य नाहीं, पदरीं दोन लहान लेंकरें, दिरांनीं हिस्सा अडविला, असा मजकूर. शेवटीं 'जमादिलाखर' आणि 'सन १२११'. त्या महिन्यांत मी इंग्रजी अमदानीचे कागद वाचीत होतों. डोळ्यांपुढें सारखा फसली सन नाचत होता. मीं ५९० मिळविले आणि १८०१ साल काढलें. आतां त्याच गृहस्थाच्या धाकट्या मुलाची जन्मपत्रिका आम्हांस दुसरीकडे मिळाली होती, ती शके १७३० ची, म्हणजे १८०८ सालची. बाप वारल्यावर सात वर्षांनीं मुलगा! मीं चष्मा पुसला, बेरीज पुन्हां केली, आणि त्या धाकट्याच्या नांवापुढें पेन्सिलीनें शेरा लिहिला: 'दत्तक असावा, नोंद संशयित.' दोन लेंकरांपैकीं दुसरें म्हणजे मुलगी असेल, अशी समजूत मीं करून घेतली.

पेन्सिलीचा शेरा खोडतां येतो, असें आपण शाळेंत मुलांना सांगतों. आमच्या मंडळांतील एका उत्साही तरुणानें त्या कच्च्या पत्रकाचें मोबाइलवर छायाचित्र काढलें आणि घराण्यांतील मंडळींना व्हॉट्सॲपवर पाठवून दिलें. शेरा त्यांत जसाचा तसा उतरला. आठवड्याच्या आंत तो पुण्यामुंबईसच काय, परदेशीं गेलेल्या नातवंडांपर्यंत पोंचला. त्या धाकट्या मुलाचा वंशविस्तार मोठा आहे. थोरल्या शाखेंतल्या कोणी तरी एका लग्नांत जेवणाच्या पंगतीला त्यावरून थट्टा केली. दत्तक म्हणण्यापुरतीच ती थट्टा राहिली नाहीं, हें मला मागाहून कळलें.

एके दिवशीं दुपारच्या गाडीनें त्या शाखेंतले एक वृद्ध गृहस्थ माझ्या घरीं आले. वय ऐशींच्या पुढें. सगळे त्यांना आबा म्हणतात. मला वाटलें, आतां हे रागावणार. त्यांनीं पाणी घेतलें, उपरण्यांत गुंडाळून आणलेली ती जन्मपत्रिका माझ्यापुढें ठेविली आणि म्हणाले, "गुरुजी, आम्ही जिवंत माणसं काय, भांडूं नाहीं तर गप्प बसूं. पण दोनशें वर्षांमागं मेलेल्या त्या बाईला आतां तोंड नाहीं. तिच्या वतीनं कोण बोलणार? तुम्हीच एकदां नीट बघा." इतकें बोलून ते संध्याकाळच्या गाडीनें परत गेले. चहासुद्धां अर्धाच घेतला.

त्या रात्रीं मीं तो कागद भिंग घेऊन पहिल्या अक्षरापासून वाचला. आणि मला माझीच लाज वाटली, कारण उत्तर सारें कागदांतच होतें. तारखेच्या आधीं 'छ' होता, म्हणजे मुसलमानी चंद्र. पेशवाईच्या रिवाजांत चंद्र आणि त्याच्याबरोबर शुहूर सन, ही जोडी असते. तेवढ्यावरूनच मीं सावध व्हावयास हवें होतें. पण याहून मोठा पुरावा लावणीचा. मुसलमानी महिने ऋतूंना बांधलेले नसतात. ते दरसाल सुमारें अकरा दिवस मागें सरकतात. फसली धरून १८०१ साल घेतलें तर जमादिलाखर ऑक्टोबरांत पडतो. आमच्याकडे तेव्हां भात कापणीला आलेलें असतें; लावणी कोठली? शुहूर धरून १२११ त ५९९ मिळवा, १८१० येतात, आणि त्या सालीं जमादिलाखर चार जुलैच्या सुमारास सुरू होतो. पाऊस, चिखल, लावणी, सगळें जागच्या जागीं बसतें. बाप १८१० च्या पावसाळ्याच्या तोंडाशीं वारला. धाकटा तेव्हां दोन वर्षांचा होता. पदरचीं दोन लेंकरें ती हींच. बाईनें आपला मुलगा आपल्याच पत्रांत लिहून ठेविला होता. तो मीं खोडला.

दुसऱ्या दिवशीं मीं चिटणीसांकडे लेखी चूक कबूल केली आणि ज्या ज्या ठिकाणीं पहिलें छायाचित्र गेलें होतें त्या त्या ठिकाणीं दुरुस्तीचें पत्र माझ्या सहीनें पाठविण्यास सांगितलें. चिटणीस म्हणाले, "मंडळाच्या नांवानें पाठवूं, तुमचें नांव कशाला?" मीं तें ऐकलें नाहीं. पहिल्याइतकें दुसरें पत्र फिरत नाहीं, हेंही खरें. आतां मंडळानें नियम केला आहे कीं, दोघांनीं स्वतंत्रपणें वाचल्यावांचून साल शाईनें लिहावयाचें नाहीं, आणि कच्चें पत्रक मंडळाच्या कपाटाबाहेर जावयाचें नाहीं. त्या तरुणाला मीं रागें भरलों नाहीं. तो आतां माझ्याकडे मोडी शिकतो. २०२३ सालीं सरकारनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिल्यापासून मोडी वाचणाराला एकाएकीं भाव आला आहे, हें त्यालाही ठाऊक आहे! असो.

या प्रकरणांतून दुसरा वाद निघाला. आमच्या पत्रकांत स्त्रियांच्या नांवाचें घरच नव्हतें. 'कन्या दोन' किंवा 'प्रथम संबंधाची एक' एवढ्यावर काम भागे; जुन्या छापील वृत्तांतांतही पुष्कळ ठिकाणीं असेंच आढळतें. मासिक सभेंत सूचना आली कीं प्रत्येक बाईचें माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें घ्यावीं. आमचे एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "कागद आडवा पुरणार नाहीं." त्यावर बराच खल झाला. शेवटीं मीं श्राद्धाची यादी पुढें केली. धर्मकृत्याला आजी आणि पणजी नांवानिशीं लागतात, मग आपल्या कागदालाच त्या जड कां व्हाव्या? कागद मोठा घ्यावा असें ठरलें. खजिनदारांनीं खर्चाची नोंद नाराजीनें केली.

आपल्या घरीं माळ्यावर पत्र्याची पेटी असेल, तींत न वाचतां येणारे कागद असतील, तर ते रद्दींत देण्यापूर्वीं कोणा मोडी जाणणाराला दाखवावे एवढीच माझी विनंती. कसर लागली असली तरी चालेल. उन्हांत मात्र घालूं नयेत.

दुरुस्त पत्रक घेऊन मी स्वतः आबांच्या गांवीं गेलों. वंशावळींत आजवर त्या बाईचें नांव नव्हतें. पत्राच्या आरंभीं तें होतें, म्हणून आतां तें घातलें आहे. तें मी येथें सांगत नाहीं, घरच्यांची परवानगी घेतलेली नाहीं. आबांनीं पत्रक दोनदां वाचलें, देवघरांतून पितरांच्या यादीचा कागद आणला आणि अगदीं खालीं, यादीच्या रेघेबाहेर, तें नांव लिहावयास घेतलें. मध्येंच थांबून मला विचारलें, "गुरुजी, शेवटची वेलांटी पहिली कीं दुसरी?" मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखीत नाहींत, तेव्हां मला तें सांगतां आलें नाहीं. त्यांनीं दीर्घ लिहिली.