अंधाऱ्या खोलीतला फोटो

सिद्धेश्वरला पूर्णेवरच्या धरणाजवळ आमचं जुनं घर. मगरिबनंतर अम्मी एका बल्बच्या उजेडात तसबीह फिरवीत बसायची. मी फोटो काढायला गेलो, फ्लॅश चमकला, अन् तिनं चेहरा पदराआड केला. चूक माझीच.

कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स अशा ठिकाणी कामाची नाही. तिचं छिद्र उघडून उघडून एफ ३.५ पर्यंत, पुढं ओढलं की ५.६. एफ १.८ ची लेन्स ३.५ च्या जवळजवळ चौपट उजेड आत घेते. ५० मिलिमीटरची स्वस्त मिळते, पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५ सारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत आपली पाठ भिंतीला टेकते. तिथं ३५ बरी. जवळून एकच डोळा स्पष्ट येतो, एवढं सांभाळायचं. फ्रान्सचा कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅश टाळायचा, कॅमेऱ्याचा चकाकता भागही काळ्या पट्टीनं झाकायचा.

मी ३५ घेतली, कोपऱ्यात बसलो. फोटो दाणेदार आला. अम्मीला नंतर दाखवला, तर म्हणाली, “ये मैंच हूँ क्या रे?” आता तेवढाच एक आहे, बोट मण्यावर थांबलेलं.