कमावण्याची क्षमता आणि आईबापपण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. आज कायद्याविषयी चार शब्द बोलणार आहे, ते वकील म्हणून नव्हे; हातून एक चूक घडलेला माणूस म्हणून.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आपल्या मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या बाजूला तेव्हा लहानमोठे कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या एका तरुणाचे दोन्ही हात मनगटापासून गेले. बायको आधीच वारलेली. घरी म्हातारी आई आणि दोन वर्षांची मुलगी. आम्ही नुकसानभरपाईचा दावा लढलो. १९२३ च्या त्या कायद्याला एक यादी जोडलेली असे. अंगठा गेला तर तीस टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर पन्नास, दोन्ही हात गेले तर शंभर. २०२० च्या नव्या संहितेतही तशी यादी आहेच. कमावण्याची क्षमता शंभर टक्के गेली, हे कागदावर यावे म्हणून मी जिवाचे रान केले. ते आले, आणि काम फत्ते झाले असे मला वाटले.

महिन्याभरात त्याचे सासरे आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "जावईबापू, पोरीला आम्ही नेतो. तुम्हांला तिला भरवता येणार नाही, तिची वेणी घालता येणार नाही." तो माझ्याकडे आला. "भाऊ, काय करू?" मी म्हणालो, "दे. पोरीचे कल्याण होईल." तो म्हणाला, "पण भाऊ, रात्री ती माझ्याच कुशीत झोपते. माझी गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही." ते मी कानांनी ऐकले, पण मनावर घेतले नाही. मुलगी गेली. आज ती मोठी झाली आहे. बापाला ओळखते, पण घरी आलेल्या पाहुण्याला ओळखावे तशी.

माझे काय चुकले, हे मला फार उशिरा उमगले. १८९० चा पालक व पाल्य कायदा मी पुढे वाचला. मुलाचा पालक नेमताना न्यायालयाने त्या व्यक्तीचे चारित्र्य आणि क्षमता पाहावी असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दोन्ही कायद्यांत शब्द एकच, क्षमता! पण एका ठिकाणी ती मजुरी मिळवण्याची आहे, दुसऱ्या ठिकाणी मूल वाढवण्याची. मजुरीची क्षमता शंभर टक्के गेली म्हणून बापपणाचीही तितकीच गेली, असा हिशेब मी केला. कारखान्याचा मालक माणसाला हातांवरून मोजतो, म्हणून त्याच्याशी मी जन्मभर भांडलो. आणि त्या बापाला मीही हातांवरूनच मोजले.

हा हिशेब माझ्या एकट्याचा असता तर आपला वेळ घेतला नसता. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूरला मतिमंद मुलींचे सरकारी वसतिगृह होते. १९९४ च्या फेब्रुवारीत तिथल्या काही तरुण स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, आणि गैरप्रकार होऊन दिवस जाण्याची भीती आहे, अशी कारणे सांगितली गेली. स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. बंधुभगिनींनो, गैरप्रकार करणारा मोकळा ठेवायचा आणि जिच्यावर तो होईल तिचे गर्भाशय काढायचे, ही कोणती व्यवस्था? मूल काढून घेण्याचाच हा प्रकार होता. फक्त तो जन्माच्या आधी झाला.

आता दुसरे उदाहरण पाहा. चंडीगडच्या एका सरकारी आश्रयगृहात सौम्य मतिमंद असलेल्या एका अनाथ तरुणीवर अत्याचार झाला आणि तिला दिवस गेले. तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही असे ठरवले. तिची आणि बाळाची काळजी घेण्यात मदत करण्याची तयारी राष्ट्रीय न्यासाने दाखवली होती. न्यायालयाने केवळ तिची बुद्धी मोजली नाही. तिच्या पाठीशी कोण उभे राहील, हेही पाहिले.

अपंगांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे. भारताने तो २००७ साली मान्य केला. त्याच्या तेविसाव्या कलमात म्हटले आहे की मुलाच्या अथवा आईबापांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडू नये. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याच करारातून आला. त्याचे नववे कलम मी पुनःपुन्हा वाचले. अपंग मुलाला अपंगत्वामुळे आईबापांपासून वेगळे करू नये, असे ते सांगते. ठीक आहे. पण आईबापच अपंग असतील तर? ते कलम त्याविषयी बोलत नाही. करारातले अर्धे वाक्य आपल्या कायद्यात उतरायचे राहिले आहे. दहावे कलम मात्र स्पष्ट आहे: अपंग व्यक्तीच्या स्वतंत्र आणि समजून दिलेल्या संमतीवाचून मूल होणे बंद करणारा कोणताही उपचार तिच्यावर करता येणार नाही.

कोणी म्हणेल, "भाऊ, हक्क हक्क म्हणून ओरडता, पोराच्या जिवाचे काय?" प्रश्न रास्त आहे. मुलाचे हित सर्वांत आधी, हे मलाही मान्य. धोका खरा असेल तर मूल हलवावेच लागेल. पण कसे? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने याचा एक चांगला पाठ घालून दिला आहे. रुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये, असे तो म्हणतो. डॉक्टरांना धोका दिसला तर तात्पुरते वेगळे करावे, पण देखरेखीखाली आईला मूल भेटत राहिले पाहिजे. दर पंधरा दिवसांनी निर्णय पुन्हा तपासावा. सलग तीस दिवसांपेक्षा अधिक काळ ताटातूट करायची तर वरच्या प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी. म्हणजे कारण हवे, मुदत हवी, भेट हवी, फेरतपासणी हवी. मी त्या मुलीला पाठवले तेव्हा यांपैकी काहीच ठरवले नाही. घरच्या बैठकीतही हे ठरवता येते. त्याला वकील लागत नाही.

दुसरीही एक काळजी आहे. आईबाप अपंग म्हणून आठ वर्षांच्या पोराने शाळा सोडून त्यांची शुश्रूषा करावी, असे मी म्हणत नाही. मूल हे फुकटचा गडी नव्हे. म्हणूनच मदतीची मागणी आली. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा अपंगांसाठी मदतनिसाचा भत्ता २०१६ च्या कायद्यात सांगितला आहे, तो मागा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब विचारा. अंगणवाडीताई आणि आशाताई गावात आहेत. अशा घरी त्यांनी आधी जावे. आणि वेणी? वेणी तर शेजारची काकूही घालील. सकाळची दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांची सोय मी केली नाही, आणि एका मुलीला बापापासून पंधरा कोस दूर पाठवले.

१९२१ साली याच मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तुमच्या जमिनीचे काय करायचे ते आम्ही ठरवतो, असे म्हणणाऱ्यांशी ते लढले. जमीन गेली, पण आम्हांला विचारल्यावाचून आमचे भले ठरवू नका, हा धडा या मावळाने मागे ठेवला. अपंग आईबाप आज तेवढेच मागत आहेत.

तुमच्या आळीत असे एखादे घर असेल. उद्या त्यांचे नातेवाईक तुमच्याकडे सल्ला विचारायला येतील. तेव्हा "यांना जमेल का?" असे विचारू नका. "यांना जमावे म्हणून काय कमी पडते आहे, आणि त्यातले मी काय देऊ शकतो?" असे विचारा. मी ते विचारले नाही. तो बाप अजून इथेच राहतो. भेटला की, "भाऊ, बरे आहे ना?" म्हणून मलाच विचारतो.