बाळ येण्याआधीचं गाणं

घोटी गावच्या पावसात भाताची आवणी सुरू झाली की घरात कपडे वाळता वाळत नाहीत. म्हणून पावसाळ्यात बाळंतपण असेल, तर आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी, लंगोट नि टोपडी मे महिन्यातच धुऊन कडक उन्हात वाळवावीत. दवाखान्याची पिशवी, कागदपत्रं नि गाडीचा नंबरही तयार हवा.

पण तीन वर्षांच्या थोरल्याचं काय? आईच्या मांडीवर आता पोट आडवं येतं, आणि त्याला ते कळत नाही. त्याला सोबत घ्या. त्याचा तळहात धरा, मधोमध बोट टेकवा, गोल गोल फिरवत बडबडगीत म्हणा आणि काखेपाशी गुदगुल्या करा. मग त्यालाच सांगा, "आता पोटातल्या बाळाला म्हणून दाखव."

बाळाला ऐकू येतं बरं का! 1986 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही गर्भवतींनी शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एकच मजकूर मोठ्यानं वाचला होता. जन्मल्यावर त्यांच्या बाळांनी नव्या मजकुरापेक्षा तोच ओळखीचा मजकूर ऐकणं पसंत केलं. त्यात मला विशेष वाटतं ते हे, की दुसऱ्या बाईच्या आवाजातही बाळांनी तो ओळखला. म्हणजे लय त्यांच्या कानात राहिली होती.

गाणं पुस्तकातलंच हवं असं नाही. दुपट्यांच्या घड्या घालता घालता जोडा:

टोपडं वाळलं, दुपटं वाळलं,
बाळ आमचं कुठं गं थांबलं?

पुढची ओळ थोरल्याला जोडू द्या.