महाराष्ट्र आणि हरियाणा : कबड्डीत जोर कुणाचा?

श्रोतेहो, आणि तळेघर-भीमाशंकर पट्ट्यातल्या गुरुजनांनो,

भाताची कापणी-झोडणी उरकली की आपल्या डोंगरातल्या पोरांचे पाय मोकळे होतात. कोरड्या खाचरातली धसकटे काढली, राखेच्या रेघा ओढल्या, की हुतूतूचे मैदान तयार! आणि खेळ रंगला की पारावर वादही ठरलेलाच. "हरियाणाचे गडी दुधातुपावर पोसलेले, आपली पोरं पेजेवरची. त्यांच्यापुढं आपला काय निभाव लागणार?" आज या बोलण्याचा हिशेब मांडून पाहू या.

1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा 28-25 असा पराभव केला. त्याच वर्षी 29 डिसेंबरला पुण्याच्या बालेवाडीत हरियाणाने पाटणा पायरेट्सला 32-23 असे नमवून चषक नेला. मग भारी कोण? निकाल देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिल्या सामन्यात पुण्याकडून पकडी करणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई दुसऱ्यात हरियाणाकडून उभा होता. हे संघ लिलावात गडी घेऊन बांधलेले असतात. त्यांच्या नावावरून प्रांताचा जोर ठरवणे म्हणजे गोणीवरचा छाप वाचून आतल्या तांदळाचा भाव करणे होय.

प्रांताचा जोर दिसतो तो राष्ट्रीय स्पर्धेत. 2018 च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या पुरुषांनी सेनादलाला हरवून अजिंक्यपद मिळवले. रिशांक देवाडिगा कर्णधार होता. आनंद मोठा, पण ते अजिंक्यपद 11 वर्षांनी घरी आले होते, हेही विसरता कामा नये. हरियाणाचे पुष्कळ गडी सेनादलाकडून आणि रेल्वेकडून खेळतात. तिकडच्या पोराला खेळातून नोकरीची वाट दिसते, म्हणून तो बारा महिने कसून मेहनत करतो. त्यांचा खरा जोर आहे तो या सरावात.

खेळण्याची रीतही पाहा. हरियाणाकडे कुस्तीचा वारसा आहे. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला की तो सहसा सुटत नाही. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात, कोकणात, सांगलीकडे मंडळांच्या मातीच्या मैदानांवर खेळ वाढला. चपळ चढाई, निदान रेषा ओलांडून चटकन परत फिरणे, आणि हातात हात गुंफून केलेली साखळी पकड, ही आपली बळे. एकाचे बळ हातात, तर दुसऱ्याचे पायात आणि मेळात.

आता खरा धडा. आशियाई खेळांत 1990 पासून 2014 पर्यंत पुरुषांचे सुवर्णपदक सातही वेळा भारताचेच होते. 2018 साली जाकार्तात इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य सामन्यात रोखले, आणि महिलांना अंतिम सामन्यात 27-24 असे हरवले. त्या इराणी मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! तिथल्या मुली शिकवणारी मिळताच जिंकल्या. मग आमच्या पोरांना जमणार नाही असे कसे म्हणावे?

म्हणून गुरुजी, पुढच्या सामन्याला एका पोराच्या हाती वही द्या. दहा चढायांत गुण किती आले, रिकाम्या किती गेल्या. दहा पकडींत किती साधल्या, किती सुटल्या, एवढेच टिपायला सांगा. एका सामन्यावर निकाल देऊ नका. चार-पाच सामन्यांची बेरीज करा. पकडी सुटत असतील तर घोट्याची पकड आणि साखळी घोटून घ्या. चढाया रिकाम्या जात असतील तर दम आणि पदलालित्य यांवर मेहनत घ्या. पावसाळ्यात मैदान चिखलात गेले, तरी पडवीत बैठका आणि दमाचा सराव होतोच. आणि हो, मुलींनाही त्याच मैदानात उतरवा.

तेव्हा मंडळी, आज हरियाणाचे पारडे जड आहे, हे मोकळेपणाने मान्य करू. पण ते जड झाले आहे ते वर्षभराच्या मेहनतीने, आणि मेहनतीला काही प्रांत लागत नाही. तळेघरच्या खाचरातही ती करता येते.