लाल मसाई मेंढी आणि रोगप्रतिकाराची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पशुधनाची चर्चा चळवळीत बहुधा दुधाच्या भावापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. जनावर रोगाला कशाच्या बळावर तोंड देते आणि ते बळ कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न पशुवैद्यांचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो अर्थकारणाचाच प्रश्न आहे. केनियातील मसाई पशुपालकांच्या मेंढीने तो फार स्पष्टपणे मांडला आहे.

लाल मसाई ही तांबूस रंगाची, शेपटीत चरबी साठवणारी, लोकरीऐवजी केसाळ कातडीची मेंढी. उष्ण व दमट हवेत हिमाँकस नावाचा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहून तिचे रक्त शोषतो. जनावर फिकट पडते, जबड्याखाली सूज येते, कोकरे मरतात. ज्या पिढ्यांत औषध नव्हतेच, त्या पिढ्यांत जी मेंढी या जंताला पुरून उरली तिचीच वीण पुढे चालली. निसर्गाच्या या निवडीला मसाईंच्या निवडीचीही जोड होती. कळपात कोणता मेंढा ठेवावा हे पशुपालकच ठरवीत आला. या श्रमाची नोंद कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात नाही.

1970च्या दशकाच्या मध्यापासून केनियात डॉर्पर या दक्षिण आफ्रिकेतील मेंढीचा अनुदानाच्या साहाय्याने प्रसार झाला. डॉर्पर वजनाने भारी, लवकर वाढणारी. संकराची पहिली पिढी चांगली निपजली, म्हणून संकर पुढे चालूच राहिला. तो कोठे थांबवावा हे सांगणारी व्यवस्था मात्र कोणी उभारली नाही. परिणामी शुद्ध लाल मसाई कळप दुर्मिळ होत गेले. यात मसाईंचे अज्ञान शोधणे अन्यायाचे ठरेल. बाजार वजनाला पैसे देतो, जगण्याला देत नाही. मेलेल्या कोकराचा तोटा मालकाच्या अंगणातच राहतो, भावात दिसत नाही.

1990च्या दशकात नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने केनियाच्या किनाऱ्यावर दोन्ही जाती शेजारी-शेजारी वाढवून पाहिल्या. लेंडीतील जंतांची अंडी मोजली, रक्ताची घनता मोजली, मृत्यू मोजले. त्या दमट प्रदेशात लाल मसाई कळपाची एकूण उत्पादकता डॉर्परच्या दुपटीहून अधिक भरली. कोरड्या उंच प्रदेशात मात्र हा फरक उरला नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण देशी ते सारे श्रेष्ठ, हा भाबडेपणा आपल्याला नको. श्रेष्ठ काय, ते हवा आणि रोग ठरवितात.

मग औषध आहेच की, असे कोणी म्हणेल. थायबेंडाझोल हे जंतनाशक 1961मध्ये बाजारात आले आणि 1964मध्ये त्याला दाद न देणाऱ्या हिमाँकसची नोंद झाली. त्यानंतरच्या औषधांच्या वाट्यालाही तेच आले. औषध दरवर्षी विकत घ्यावे लागते. प्रतिकारक्षम मेंढा मात्र आपला गुण कोकरांना विनामूल्य देतो. नेमक्या याच कारणाने खाजगी भांडवलाला त्यात फारसे स्वारस्य नसते.

असते ते केव्हा, हेही पाहण्यासारखे आहे. डुकरांत प्रजनन व श्वसनाचा एक विषाणुजन्य रोग 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आला. त्याचा विषाणू डुकराच्या पेशीत ज्या प्रथिनाच्या आधारे शिरतो, त्या प्रथिनाच्या जनुकातील एक भाग कापून काढलेली डुकरे एका बड्या प्रजनन कंपनीने तयार केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025मध्ये त्यांना मान्यता दिली. शास्त्र म्हणून हे यश मोठे आहे आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु येथे प्रतिकारशक्ती ही कंपनीच्या मालकीची वस्तू होते. डुकरे पाळणाऱ्याला ती तिच्याच दारात घ्यावी लागणार.

दुसरी वाटही आहे. ब्रिटनने 2001मध्ये मेंढ्यांतील स्क्रेपी रोगाविरुद्ध राष्ट्रीय योजना सुरू केली. सरकारी खर्चाने मेंढ्यांचे जनुक तपासून प्रतिकारक्षम मेंढे वंशवृद्धीसाठी निवडले गेले. पण 1998मध्ये नॉर्वेत प्रथम ओळखला गेलेला स्क्रेपीचा निराळा प्रकार त्या ‘प्रतिकारक्षम’ मेंढ्यांतही आढळला. एकाच जनुकावर सारा डाव लावणे राज्यसंस्थेलाही परवडत नाही. म्हणून अनेक जाती जिवंत राहणे हाच खरा विमा.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीचा दख्खनी मेंढीशी संकर केला. मुख्य हेतू जुळ्या कोकरांचा होता, परंतु त्याच कामात जंतांच्या प्रतिकाराचीही मोजणी झाली. दलदलीत वाढलेली गारोळ चणीने लहान. म्हणजे वजनाचा आणि जगण्याचा तोच झगडा येथेही आला. असे काम वर्षानुवर्षे चालते: कोकराच्या कानात बिल्ला, प्रत्येकाच्या आईबापांची नोंद, पावसाळ्यात लेंडीची तपासणी. चराईसाठी गावोगाव भटकणाऱ्या धनगराला हे एकट्याने जमणार नाही. निवडलेले मेंढे वाड्यावाड्यांत फिरते ठेवायचे तर त्यांचा खर्च कोणी उचलावा, नोंदवही कोणाच्या ताब्यात असावी आणि मेंढा निवडताना धनगराचे मत किती धरावे, यावर या अभ्यासवर्गात चर्चा व्हावी.